‘हे कसं केलं?’ : मुंबईतली चित्रं आणि चित्रकार पाहताना

काही वर्षांपूर्वी जहांगीर आर्ट गॅलरीत एका चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. चार कॅनव्हास शेजारी शेजारी टांगलेले, मध्ये दोन-दोन बोटांची फट, आणि चारही मिळून एकच खाडी. त्या फटींचा मी मनातल्या मनात अर्थ लावत होते. तुटलेलं शहर, तुटलेली माणसं, असं काहीतरी. चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता. शेवटी त्यालाच विचारलं, “चार तुकडे का केलेत?”

“नालासोपाऱ्याला चौथ्या मजल्यावर राहतो,” तो म्हणाला. “आमच्या जिन्याच्या वळणावर चार फुटांहून मोठा कॅनव्हास वळत नाही.”

मग त्यानं पुढचंही सांगितलं. फटी राहणारच हे कळल्यावर त्यांचं काय करायचं, या विचारात त्याचं वर्ष गेलं. शेवटी खाडीचं पाणी एका कॅनव्हासवरून दुसऱ्यावर जाताना त्यानं बोटभर खाली उतरवलं. डावीकडे भरती, उजवीकडे ओहोटी. मी पुन्हा चित्राकडे वळले तेव्हा पाणी हललेलं दिसलं.

त्या दिवसापासून कुठल्याही प्रदर्शनाला जाताना मी एकच प्रश्न बरोबर नेते : हे कसं केलं? ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न आपल्याला परीक्षेला बसवतो आणि उत्तर आलं नाही की आपण ओशाळून बाहेर पडतो. ‘कसं केलं’ विचारलं की आपण कामाजवळ जातो. रंग, हात, वेळ, घर, जिना, लोकल, पैसे, सगळं त्यात येतं. अर्थसुद्धा पुष्कळदा त्याच वाटेनं चालत येतो. हाच प्रश्न हाताशी धरून मुंबईतली आजची कला कशी पाहावी आणि ती करणाऱ्यांचं रोजचं जगणं कसं समजून घ्यावं, ते इथे सांगते आहे.

सुरुवात काळ्या घोड्यापासून

चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरलात की चालत काळा घोडा गाठता येतो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली आणि आजही या शहरातलं सगळ्यात मोकळं दार तिचंच आहे. तिकीट नाही, कुणी नाव-गाव विचारत नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कधीही जा. इथली बहुतेक प्रदर्शनं आठवड्याची असतात. मंगळवारी सुरू होतात, सोमवारी संपतात. वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी वेगवेगळे कलाकार असतात, त्यामुळे एका फेरीत जलरंगातला घाट, अमूर्त रंगपट आणि मातीची शिल्पं असं सगळं भेटू शकतं. सगळंच सारख्या तोलाचं नसतं. नवख्या नजरेला ते फायद्याचं आहे, कारण नजर तुलनेतून तयार होते. आणि इथली सगळ्यात मोठी सोय म्हणजे कलाकार बहुधा स्वतः हजर असतो.

बाहेर आलात की लगेच टॅक्सी शोधू नका. गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर, आर्ट प्लाझापाशी, चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. कुणी समोरच्या माणसाचं पोर्ट्रेट काढत असेल तर त्याच्या मागे दहा मिनिटं उभे राहा. तो सुरुवात डोळ्यांपासून करतो की चेहऱ्याच्या बाह्यरेषेपासून, खोडरबर किती वेळा उचलतो, माणूस हलला तर काय करतो, हे बघा. ‘कसं केलं’ याचं उत्तर तिथे तुमच्या डोळ्यांदेखत कागदावर उतरत असतं.

तिथून रीगल सिनेमाच्या दिशेला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत ते १९९६ साली उघडलं. अर्धगोलाकार चढत जाणारे मजले आणि सगळ्यात वर घुमट, अशी त्याची रचना आहे. एकाच कलाकाराच्या संपूर्ण कारकिर्दीचं प्रदर्शन लागलं असेल तर ते इथे अवश्य पाहा. विद्यार्थिदशेतलं काम, मग चाचपडणं, मग एखादी वाट सापडणं, आणि पुढे तीही वाट सोडणं, हे सगळं मजल्यामजल्यानं दिसतं. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मूर्ती आणि लघुचित्रांसाठी आपण तिथे जातो, पण जहांगीर निकोल्सन या संग्राहकानं जमवलेली आधुनिक आणि समकालीन चित्रंही त्याच वास्तूत आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एखादा दिवस भायखळ्यासाठी राखून ठेवा. राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. बारा बलुतेदारांच्या, जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती तिथे कपाटांत मांडल्या आहेत. त्या वस्तूंना उत्तर म्हणून आजच्या कलाकारांनी नवं काम करावं, अशी प्रदर्शनं या संग्रहालयानं घडवली. जुनी वस्तू आणि तिला दिलेलं नवं उत्तर एकाच छताखाली पाहिलं की ‘समकालीन’ या शब्दाची भीती निम्मी होते. जायच्या आधी हे लक्षात ठेवा की ते बुधवारी बंद असतं.

एक पथ्य पाळा. एका दिवसात दोन, फार तर तीन प्रदर्शनं पाहा. चौथ्या ठिकाणी पाय पोहोचतात, डोळे पोहोचत नाहीत.

बेल वाजवा, आत जा

खरी अडचण खासगी गॅलऱ्यांची. जुन्या इमारतीचा अंधारा जिना, बंद दार, पितळी पाटी, आत पांढऱ्या भिंती आणि टेबलामागे लॅपटॉपवर काम करणारी एक तरुण मुलगी. ‘आपल्याला काही विकत घ्यायचं नाही, मग आत जायचं कसं?’ हा संकोच मी अनेक वाचनप्रेमी, नाटकवेड्या माणसांमध्ये पाहिला आहे. तो सोडून द्या. या गॅलऱ्यांत प्रवेश विनामूल्य असतो आणि प्रदर्शन लोकांनी पाहावं म्हणूनच मांडलेलं असतं. बेल वाजवा, आत जा, नमस्कार म्हणा, आणि प्रदर्शनाचं टिपण मागून घ्या.

फोर्टमध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोड आहे. तिचा इतिहास आपल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. केकू गांधी यांचा धंदा चित्रांच्या फ्रेमा बनवण्याचा. फ्रेमा करून घ्यायला येणाऱ्या तरुण चित्रकारांशी ओळखी झाल्या, त्यांची चित्रं दुकानात लागू लागली, आणि १९६३ साली केकू आणि खोरशेद गांधी यांनी जहांगीरच्या वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. २००७ मध्ये ती फोर्टमधल्या आजच्या जागेत आली. लाकडाच्या पट्ट्या विकणाऱ्या दुकानातून देशातली एक महत्त्वाची गॅलरी उभी राहिली. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८ एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. झवेरी कंटेम्पररी आणि मिरचंदानी-स्टाइनरुके या गॅलऱ्या ताज हॉटेलच्या मागच्या गल्ल्यांत आहेत. या सगळ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात, म्हणून नोकरदारांनी शनिवार धरावा. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत भिंती रिकाम्या असतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करा. उद्घाटनाच्या संध्याकाळी जायला हरकत नाही, माणसं भेटतात. चित्रं मात्र त्या गर्दीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा एका दुपारी जा.

वर्षाचा फेराही ध्यानात ठेवा. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा भरतो. तो २०२३ साली सुरू झाला. जानेवारीत ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ असतो. २०१२ पासून चालत आलेल्या या उपक्रमात दक्षिण मुंबईतल्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शनं उघडतात आणि कलाकारांशी गप्पा, फेरफटके ठेवतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव येतो, १९९९ पासूनचा. या दिवसांत धामधूम असते. मला स्वतःला जुलै-ऑगस्टच्या पावसाळी दुपारी अधिक आवडतात. गॅलरीत तुम्ही आणि चित्र, एवढेच असता.

चित्रासमोर चार प्रश्न

चित्राशेजारची पट्टी आधी वाचू नका. दोन मिनिटं नुसतं बघा, मग पट्टीकडे वळा. तिच्यावर नाव, वर्ष, माध्यम आणि आकार असतो. आपण नाव वाचून पुढे सरकतो, पण ‘कसं केलं’ची किल्ली माध्यम आणि आकार यांत असते. तिथून हे चार प्रश्न विचारत जा.

पहिला : कशानं? प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसाखाणीच्या गावातून आलेले चित्रकार. कोळशानं थेट भिंतीवर चित्रं काढण्यासाठी ते ओळखले जातात. पट्टीवर ‘चारकोल’ एवढंच लिहिलेलं असतं. पण खाणीत राबलेल्या घरातला मुलगा कोळसाच हातात घेतो, हे कळल्यावर त्या काळ्या रेषेला वजन येतं. घाटकोपरच्या अतुल दोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटर चित्रासाठी वापरली. बंद शटरवर एक चित्र, आणि शटर वर सरकवलं की आत दुसरं. ज्यानं दंगलीत किंवा बंदच्या दिवशी धडाधड खाली येणारी शटर पाहिली आहेत, त्या मुंबईकराला यापेक्षा वेगळी प्रस्तावना नको.

दुसरा : किती वेळात? जवळ जा आणि थर शोधा. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगांचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. वर्षाकाठी त्यांची फार थोडी चित्रं पुरी होत. त्यांच्या चित्रापुढे अर्ध्या मिनिटात काही सापडलं नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. जे सावकाश झालं आहे ते सावकाशच उलगडतं. बाकासमोर गायतोंडे लागले असतील तर बसा.

तिसरा : कुठे? नलिनी मलानी यांचा स्टुडिओ लोहार चाळीत होता. खाली हातगाड्या, हमाल, दिव्यांची आणि विजेच्या सामानाची दुकानं, दाटीवाटीचा बाजार. त्या वस्तीची माणसं त्यांच्या चित्रांत आली आणि ‘लोहार चाळ’ याच नावाची मालिकाही झाली. काम कुठल्या खिडकीशी झालं हे विचारलं की चित्रातला उजेडसुद्धा वेगळा दिसतो.

चौथा : हे करताना घर कशावर चाललं? हा प्रश्न कलाकाराच्या तोंडावर विचारायचा नाही, पण मनात ठेवायचा. त्याच्याकडे पुढे वळूच.

व्हिडिओ, ध्वनी किंवा खोलीभर मांडलेल्या रचना समोर आल्या की आपण अधिकच गोंधळतो. तिथे पहिलं काम म्हणजे कालावधी वाचणं. बारा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तो सुरुवातीपासून बघा. नाटकाच्या तिसऱ्या प्रवेशाला आत शिरून कुरकुर करू नये तसं. रचना असेल तर तिच्याभोवती फिरा, वाका, ऐका. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या एका प्रसिद्ध रचनेत अंधाऱ्या खोलीत शंभर मायक्रोफोन टांगलेले आहेत आणि खाली लोखंडी अणकुचीदार सळयांवर खोचलेले कागद. लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या वेगवेगळ्या शतकांतल्या शंभर कवींचे शब्द त्यावर आहेत. ज्यात आपण बोलतो तो मायक्रोफोन इथे स्वतः बोलतो. ‘कसं केलं’ एवढं जरी नीट पाहिलं, तरी त्या कामात काय म्हटलं आहे ते कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चित्रकाराचा दिवस

आपल्या मनातला चित्रकार दाढी वाढवून, तंद्रीत, दिवसभर चित्रं काढत असतो. मुंबईतला चित्रकार बहुधा सकाळी सात-अठ्ठावीसची लोकल पकडत असतो.

हे आजचंच नाही. १९४७ साली ज्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांच्यापैकी हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत आणि खेळणी-फर्निचरची डिझाइनं करत. रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरीला होते. आरा यांनी घरकाम केलं, मोटारी धुतल्या. प्रभाकर बरवे यांनी जवळजवळ दोन दशकं विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं केली. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकाराच्या मनात काय चालतं ते मराठीतून समजून घेण्यासाठी जरूर वाचावं. सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. शरीराच्या आतला सांगाडा दिवसभर बघणारा हा डॉक्टर रेल्वेचे पूल, इराण्याचं हॉटेल, कामगार वस्त्या रंगवत राहिला. गीव्ह पटेलही डॉक्टर होते, शिवाय कवी आणि नाटककार. पोटासाठी केलेलं काम या सगळ्यांच्या चित्रांत कुठे ना कुठे मुरलेलं आहे.

आज कुणी शाळेत चित्रकलाशिक्षक आहे आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची ‘मेमरी ड्रॉइंग’ तपासून रात्री स्वतःचा कॅनव्हास पुढे ओढतो. कुणी मालिकांच्या सेटवर आर्ट विभागात, कुणी ॲनिमेशनमध्ये. गणपतीच्या आधीचे तीन-चार महिने लालबाग-परळच्या किंवा पेणच्या कारखान्यांत काढणारे शिल्पकार आहेत. एक चित्रकार बाई मला म्हणाल्या होत्या, “सासूबाईंना दमा. टर्पेंटाइनचा वास घरात चालेना, म्हणून तैलरंग सोडले आणि ॲक्रिलिककडे वळले.” ॲक्रिलिक भराभर वाळतं, म्हणून त्यांची रंगवण्याची रीतच बदलली. टीकाकार त्याला शैलीतलं वळण म्हणतील. ते वळण स्वयंपाकघरातून गेलेलं आहे. बायकांच्या कामाच्या वेळा एकदा विचारून पाहा. ‘रात्री अकरानंतर’ हे उत्तर वारंवार येतं.

सगळ्यात मोठा प्रश्न जागेचा. गेल्या शतकात, पन्नास-साठच्या दशकांत ब्रीच कँडीजवळ भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. गायतोंडे, हुसेन यांना तिथे काम करायला जागा मिळाली, तरुण नलिनी मलानींनाही. शेजारच्या खोलीत सतार, वर नाटकाची तालीम. एका इमारतीनं शहराला काय दिलं ते आपण आज संग्रहालयांत पाहतो. आता चित्रकार वसई-विरार, बदलापूर, डोंबिवली, पनवेलकडे सरकले आहेत. हॉलमधला पलंग उभा केला की स्टुडिओ, आडवा केला की घर. न विकली गेलेली चित्रं पलंगाखाली, माळ्यावर, नातेवाइकांकडे. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. मोठं काम करायचं तर कॅनव्हास गुंडाळून न्यायचा आणि गॅलरीत पुन्हा चौकटीवर ताणायचा. आकारापाशी थांबून ‘एवढंच का’ किंवा ‘एवढं मोठं कसं’ असं मनात आलं, की या सगळ्याची आठवण ठेवा.

पैशाचा हिशेब

प्रदर्शन दोन रीतींनी होतं. जहांगीरसारख्या ठिकाणी कलाकार अर्ज करतो, निवड झाली की तारखेसाठी काही वर्षं वाट बघतो आणि हॉलचं भाडं स्वतः भरतो. फ्रेमा, टेम्पो, आमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, आठवडाभराची रजा, सगळं त्याच्या खिशातून. एकही चित्र विकलं गेलं नाही तरी हा खर्च चुकत नाही. खासगी गॅलरीची रीत वेगळी. ती स्वतः कलाकार निवडते, खर्च उचलते, आणि विक्रीतला मोठा वाटा, पुष्कळदा निम्म्यापर्यंत, ठेवते. दहा महिने राबून केलेल्या प्रदर्शनातली दोन चित्रं विकली गेली, तर त्या कमाईला महिन्यांनी भागून पाहा. मग चित्राची किंमत ऐकून ‘बापरे’ म्हणताना जीभ जरा अडखळेल.

या हिशेबात इतरही हात असतात. कॅनव्हास ताणणारा, फ्रेमवाला, शिल्पासाठी ओतकाम करणारा, लोखंड जोडणारा, छापणारा, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लेव्हल लावून चित्रं सरळ टांगणारे गॅलरीतले मदतनीस. त्यांच्याशीही बोला. एखादं चित्र टांगायला अवघड का गेलं, हे सांगणाऱ्या माणसाकडून मी जितकं शिकले तितकं कॅटलॉगमधून शिकले नाही.

स्टुडिओत जाताना

एखाद्या कलाकाराचं काम आवडलं तर त्याला तसं सांगा, आणि काम करतो ती जागा पाहता येईल का, असं विचारा. पुष्कळ जण आनंदानं बोलावतात. मात्र स्टुडिओ बहुधा कुणाचं तरी घर असतं. वेळ ठरवून जा, एकटे किंवा दोघं जा, सांगितलेल्या वेळेत निघा. अर्ध्या कामाला हात लावू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅनव्हास उलटून बघायचा नाही. तो चित्रकाराला अजून कुणाला दाखवायचा नसतो.

काय विचारावं? ‘प्रेरणा कुठून मिळते’ या प्रश्नाला तयार उत्तरं मिळतात. त्यापेक्षा विचारा : सकाळी पहिलं काय करता? हा रंग कुठून आणता? कुठलं चित्र फसलं आणि का? संपलं हे कसं कळतं? टेबलावर काय पडलं आहे तेही बघा. वहीतली टिपणं, जुने फोटो, गंजलेला खिळा, अर्धा चहा. चित्र कुठून येतं त्याची वाट अशा वस्तूंतून जाते. मुलं बरोबर असतील तर फारच छान. ‘तुम्ही पुसता कशानं?’ हा प्रश्न एका सात वर्षांच्या मुलीनं विचारला होता आणि त्यावर चित्रकार अर्धा तास बोलत राहिला.

कुणी ओळखीचं नसेल तर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून सुरुवात करा. १८५७ साली स्थापन झालेली ही संस्था सीएसएमटीजवळच आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं. तारखा विचारून जा. वर्गांतच काम मांडलेलं असतं, शेजारी ते करणारी मुलं उभी असतात, आणि कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून ती आसुसलेली असतात.

घरी न्यायचं असेल तर

चित्र विकत घेणं ही फक्त धनिकांची गोष्ट नाही. विद्यार्थ्यांची कामं, छोटी रेखाटनं आणि मुद्राचित्रं पुष्कळांच्या आवाक्यात असतात. मुद्राचित्राखाली ३/१० असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ दहा प्रतींपैकी ही तिसरी. पट्टीशेजारी लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं आहे. किंमत टेबलावर विचारा, यादी ठेवलेली असते. कलाकार समोर असेल तर भाजीबाजारासारखी घासाघीस करू नका. हप्त्यांत देता येईल का, असं विचारायला मात्र हरकत नाही. पावती घ्या, आणि चित्राचं नाव, वर्ष, माध्यम लिहिलेलं सहीचं प्रमाणपत्रही घ्या.

चित्र घरी आलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो सहसा कलाकाराकडेच राहतो. म्हणून ते कॅलेंडरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा कपावर छापायचं तर परवानगी घ्यावी लागते. फोटो कुठेही टाकताना कलाकाराचं नाव लिहायला विसरू नका. आणि मुंबईच्या हवेत एक गोष्ट सांभाळा : पावसाळ्यात ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः कागदावरचं काम, टांगू नका. काच चित्राला चिकटणार नाही अशी फ्रेम करून घ्या.

विकत घेणं जमलं नाही तरी काही बिघडत नाही. पुण्यात बालगंधर्व कलादालनात, किंवा तुमच्या गावात शाळेच्या सभागृहात लागलेल्या प्रदर्शनातही हाच प्रश्न विचारता येतो. पाहणं हीच पहिली देवाणघेवाण आहे.

सोमवारची संध्याकाळ

शेवटची एक गोष्ट. एखाद्या सोमवारी संध्याकाळी, प्रदर्शन संपायच्या वेळेला जहांगीरला जा. सात वाजत आले की चित्रं भिंतीवरून उतरू लागतात. बबल रॅप, चिकटपट्टी, सुतळी, बाहेर टेम्पो. आठवडाभर शांतपणे टांगलेली चित्रं पुन्हा वजन असलेल्या वस्तू होतात. कोण कुठलं टोक धरतं, कुठलं चित्र आधी जातं, हे बघताना तुम्हाला कळेल की एवढ्या लांबून, एवढे जिने उतरून हे सगळं इथवर आलं होतं आणि आता पुन्हा वर चढणार आहे.

खाडीचं ते चित्रही मी असंच जाताना पाहिलं. चार तुकडे चार जुन्या चादरींत गुंडाळून टेम्पोत उभे केले. चित्रकारानं सगळ्यात शेवटी टेबलावरची अभिप्रायाची वही उचलली आणि ती टेम्पोत न टाकता आपल्या खांद्यावरच्या झोळीत ठेवली. वही घरी जाऊन वाचली जाते, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी अशा वह्यांत ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘शुभेच्छा’ असं लिहून पुढे जात असे.

आता थांबते आणि एक तरी खरी ओळ लिहिते. कुठल्या चित्रापाशी पाय अडखळले, कुठला रंग घरी जाताना डोळ्यांत राहिला, काय कसं केलं ते कळलं नाही. तुम्हीही लिहा. रात्री नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर, चारही कॅनव्हास जिन्यानं वर नेऊन झाल्यावर, कुणीतरी ती ओळ वाचणार असतं.